पेरेअक्काची काळी डबी

“आता तूच बघ, मुलिंद्वा. काड्याच्या पेटीएवढी ही डबी, आन् हिच्यापायी म्या डुकरीण घ्यायचं सोडायचं? डुकरीण वरसातनं दोनदा वेती. ही काय वेणार हाय?”

“वेणार न्हाई, मावशी,” कातेरेग्गा म्हणाला. “पर तुजी घुरघुर घालवंल.”

“माजी न्हवं. लॅपटॉपची.”

“ऐकणाऱ्याला काय कळतंय? परवा तू फादरच्या मिसाची येळ सांगत हुतीस, आन् माज्या शेजारची म्हातारी म्हणाली, कुटंतरी मधमाश्या उठल्यात वाटतं.”

पेरेअक्का हसली नाही. कुठं हसायचं ते ती स्वतः ठरवायची. तिनं ती काळी डबी तळहातावर घेतली, नाकाशी नेऊन हुंगली आणि टेबलावर ठेवली. मी, मुलिंद्वा शिंपी, शिवणयंत्र सोडून दारात उभा होतो. तिची खोली आणि माझी ओसरी यांच्यात एक पडदा काय तो होता, आणि तो मीच शिवलेला.

“साउंड कार्ड म्हणत्यात हिला,” कातेरेग्गानं समजावलं. तो मसाक्याहून मोटारसायकलवर चार्जर, बॅटऱ्या, वायरी घेऊन गावोगाव फिरायचा. “लॅपटॉपच्या आतलं आवाजाचं यंत्र म्हातारं झालंय. त्येला बाजूला बसवायचं. काम हिनं करायचं. हितनं माइक आत, हितनं आवाज भाईर.”

“म्हंजी सवत.”

“तसं समज.”

“सवत मला ठावं हाय. ती आली की घरातली भांडी जात्यात.”

खरंच गेली होती. पेरेअक्काचा नवरा दुसरीच्या मागं गेला तेव्हा पातेली, पलंग, कोंबड्या, सगळं घेऊन गेला. कर्णे तेवढे राहिले, कारण ते झाडावर होते आणि त्याला झाडावर चढता येत नव्हतं. शाळेजवळच्या टेकडीवर उंच म्वुले झाड आहे, त्याच्या शेंड्याला चार दिशांना चार कर्णे. तिथून तार खाली बाजारात अक्काच्या खोलीपर्यंत. महिनाभर ती रडली. मग एक दिवस तिनं माइक उचलला आणि नवऱ्याचं वर्णन करून सांगितलं, की असा असा माणूस हरवला आहे, कोणाला सापडला तर आणून देऊ नये. तेव्हापासून क्याबोगो गावाची जीभ म्हणजे पेरेपेत्वा नासूना.

कोण मेलं, कोण जन्मलं, कोणाची बकरी सुटली, सरोवरावरून मासळीची गाडी कधी येणार, लस टोचायला नर्सबाई कुठल्या झाडाखाली बसणार, सगळं तिच्या तोंडून. लोक तिच्या कानाशी येऊन कुजबुजत आणि ती त्यातलं सांगण्याजोगं तेवढं सांगे. एकदा एका बाईनं येऊन सांगितलं, माझी ताडपत्री अमक्यानं चोरली. अक्कानं कर्ण्यावरून सांगितलं, “एक निळी ताडपत्री रस्ता चुकून कुणाच्या तरी घरात शिरलीय. तिला आपलं घर आठवतंय.” सकाळी ताडपत्री बाईच्या दारात घडी घालून ठेवलेली होती. चोराचं नाव आजवर कुणाला कळलं नाही. मलाही नाही, आणि मी पडद्याच्या अलीकडं बसतो. कान रुंद आणि तोंड अरुंद, हीच तिची सगळी इस्टेट. लोक पैसे द्यायचे ते आवाजाचे नव्हेत, तोंड मिटून धरण्याचे.

आता घुरघुरीचं सांगतो. आंप्लिफायरचं माइकचं भोक वीज पडली तेव्हा जळून गेलं. तेव्हापासून माइक कंपालातल्या भाचीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपमधून जायचा. त्याच्या पडद्यावरच्या एका खुणेवर टिचकी मारली की माइक उघडा, परत मारली की बंद. उघडा असला की घुर्रर्र. टेबलाखाली एक फाटका स्पीकर होता, त्यातून बोलणं कधी उमटायचं नाही, पण ही घुरघुर मात्र टेबलाच्या पायांतून वर चढायची. अक्काचं कोपर टेबलावर असायचं. कोपराला मुंग्या आल्या की माइक जागा, थांबल्या की झोपला. पडद्यावरची खूण ती कधी बघायची नाही. चष्मा तिला फक्त मिसाला लागायचा.

“ऱ्हाऊ दे तुज्याकडं,” कातेरेग्गा जाताना म्हणाला. “वापरून बघ. शुक्रवारी बाजाराला येतो. न्हाई आवडली तर परत दे, म्या काय रडणार न्हाई.”

“तू रडणार न्हाईस. डुकरीण रडंल.”

बुधवारी डबी लागली आणि गाव चकित झालं. रताळी विकणारी म्हातारी मुद्दाम चढण चढून सांगायला आली. “अगं पेरे, तू आमच्या चुलीपाशी बसून बोलतीयास असं वाटलं. म्या तुला पाट द्यायला उठले.” चपातीवाला सेकांडी म्हणाला, “अक्का, तुला सर्दी हुती व्हय इतकी वरसं?” अक्का खूश. पण डुकरीण तिच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी मला म्हणाली, “आवाज चांगला हाय. पर चांगल्या आवाजाला चार सड नसत्यात.”

गुरुवारी घात झाला.

गुरुवार म्हणजे गिरणीचा दिवस. अक्काच्या खोलीची पलीकडची भिंत मक्याच्या गिरणीची. ती सुरू झाली की आमच्या दोन खोल्यांत देवानं जरी हाक मारली तरी ऐकू येत नाही. बाहेर कर्णा वाजतोय की कावळा ओरडतोय, कळत नाही. एकमेकांशी बोलायचं तर गळ्याच्या शिरा ताणून.

अक्कानं मासळीच्या गाडीची खबर सांगितली, माइक टेबलावर ठेवला आणि कोपर टेकलं. मुंग्या नाहीत. म्हणजे बंद. इतक्या वर्षांचं सरावलेलं कोपर, ते खोटं कशाला बोलेल?

मी पांढऱ्या कांझूची, म्हणजे समारंभाच्या पायघोळ झग्याची, किनार घालत होतो. कांझू मास्तर सेंदावुलांचा. शनिवारी खाटकाचा पोरगा लुबेगा याचा क्वांजुला, म्हणजे मागणीचा सोहळा, होता, आणि पोरीच्या दारात जाऊन पोराच्या बाजूनं बोलायला मास्तरांना नेमलं होतं. क्वांजुल्यात नवरानवरी दगडासारखी बसतात. लढतात ते दोन बोलके. पलीकडच्या बोलक्यानं टोमणा मारायचा, अलीकडच्यानं तो झेलून परत फेकायचा. चुकला की दंड, अडखळला की दंड. मास्तरांसारखा बोलका आमच्या अख्ख्या तालुक्यात नाही. शिवाय ते चर्चच्या नशाबंदी मंडळीचे म्होरके. त्यांच्या समोरून जाताना दारूडेसुद्धा सरळ चालायचे.

“अक्का,” मी गिरणीवर आवाज चढवून ओरडलो, “सोमवारी मास्तर मापाला आलं, पर तोंडातनं शबुद न्हाई. बोटांनीच सांगत हुतं. मौन धरलंय का काय?”

अक्का माझ्याकडं बघत राहिली. तिचे गाल फुगले. तीन दिवस ती ते पोटात घेऊन हिंडत होती, हे मला नंतर कळलं. माणसाचं पोट दुःख पचवतं, हसू पचवत नाही.

“तुला म्हणून सांगते,” ती ओरडली. “कवळी.”

“काय?”

“कवळी रं, कवळी. दातांची. गुत्त्यावाली एडिसा केळ्याच्या बियरचा माठ धूत हुती. तळाला बघती तर कोणतरी हसतंय. वरची अख्खी कवळी. घेऊन आली माज्याकडं फडक्यात. म्या कर्ण्यावर सांगितलं, एक वस्तू घावलीय, जेची हाय त्येला ठावं हाय. आन् सांजच्याला मागच्या दारानं कोण यावं? तोंडाला रुमाल लावून मास्तर.”

“नशाबंदीवालं?”

“तेच. मला म्हणत्यात, फेफेत्वा, फाणी फ्यायला वाकलो फुतो. म्या म्हणलं, व्हय मास्तर, तिच्या माठात लई गार पाणी असतंय.”

मी कांझू मांडीवरून खाली टाकला. सुई बोटात गेली तरी कळलं नाही. दोघंही डोळे पुसत होतो, तेवढ्यात दारात एडिसाच आली. पळत आली होती, छाती भात्यासारखी हलत होती. पण एडिसा पडली चांगल्या घरची लेक. दारात येताच गुडघे टेकले.

“रात कशी गेली, अक्का?”

“बरी गेली. तुजी?”

“बरी. घरची?”

“हायती. तुजी जुळी?”

“हायती. म्म.”

“म्म.”

“राबतीयास, उपकार.”

“उपकार कसलं, बाई. तूबी राबतीयास. शेताकडं कसं?”

“शेंगा भरल्यात. म्म.”

“म्म.”

“अक्का,” एडिसा गुडघ्यावरूनच म्हणाली, “तुजा माइक उगडा हाय.”

अक्कानं माइककडं बघितलं, मग कोपराकडं. मग हळूच पडद्यावरच्या खुणेवर टिचकी मारली. नंतर कळलं, की एडिसाच्या शेंगांची चौकशीसुद्धा चारी दिशांना गेली होती, आणि टेकडीपलीकडच्या एका म्हाताऱ्यानं अंगणात उभं राहून “म्म” म्हणून उत्तरही दिलं होतं.

मी बाहेर डोकावलो. अख्खा बाजार टेकडीकडं तोंड करून उभा होता, जणू झाडाला पैसे लागले आहेत. मासळी तराजूत, तराजू हातात, हात हवेत. सेकांडीची चपाती तव्यावर काळी झालेली. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू गवताला आग लागावी तसं पसरलं. बाजारात खबर नव्हती ती फक्त गिरणीवाल्याला. तो पीठ झटकत बाहेर आला आणि विचारू लागला, कोण मेलं?

संध्याकाळपर्यंत ओसरीवर बाजारच भरला. प्रत्येकाला डबीबद्दल मत होतं.

“परत कर,” सेकांडी म्हणाला. “असली मुकी जनावरंच डसत्यात. घुरघुरणारं कुत्रं बरं.”

“काय परत करू नको,” रताळ्यांची म्हातारी म्हणाली. “दोन दिसांत जेवढं ऐकलं तेवढं दोन वरसांत न्हवतं ऐकलं.”

“तुजं काय जातंय, आजे? तुला दातच न्हाईत.”

“म्हणूनच मला कशाची भीती न्हाई.”

गिरणीवाला तेवढा रुसला होता. “समदं गाव ऐकतंय आन् भितीला भीत लावून ऱ्हाणारा म्या ऱ्हातो. डबी ठेवायची तर परत एकदा सांग.”

एडिसाचं मात्र बरं झालं. ‘हसरा माठ’ बघायला लोक आले, आणि आले ते पिऊनच गेले. ती अक्कावर अजिबात रागावली नव्हती. पण अक्का कुणाशी बोलत नव्हती. भिंतीला टेकून बसली होती, तोंड मिटून, जसं ते सकाळीच मिटायला हवं होतं.

शुक्रवार उजाडला. आठवड्याच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी अक्काच्या दारात निरोपवाल्यांची रांग असायची. त्या दिवशी एक बहिरा म्हातारा आला, त्याचं खुरपं हरवलं होतं. बाकी लोक यायचे, गुडघे टेकायचे, रात्र कशी गेली विचारायचे आणि निरोप गिळून परत जायचे. एक बाई तर म्हणाली, “काय न्हाई अक्का, अशीच आले.” तिच्या डोळ्यांत निरोप दिसत होता.

“बघितलंस?” अक्का मला म्हणाली. “पोट फुटलं माजं. फुटक्या मडक्यात कोण पाणी ठेवतंय? झाडावर आता कर्णं कशाला? सुगरणींनी घरटी बांधावीत त्यात.”

त्यातच खाटीक आला, लुबेगाचा बाप. हातात सुरी तशीच. “मास्तर येत न्हाई म्हणत्यात. दार लावून बसल्यात. उद्या म्या पोरीच्या दारात काय बोकडाला बोलाय सांगू?”

अक्का उठली. अंगावरच्या गोमेसी झग्याचा पट्टा आवळून बांधला. “मुलिंद्वा, कांझू झाला?”

“झाला.”

“घे. चल.”

मास्तरांच्या घराला पुढं कॉफीची झाडं आहेत. दार बंद होतं. अक्कानं अंगणात गुडघे टेकले आणि दाराशी बोलायला सुरुवात केली.

“मास्तर, रात कशी गेली?”

दार उघडलं नाही. पण विचारलेल्याला उत्तर न देणं मास्तरांच्या हाडातच नव्हतं. “गेली,” आतून आवाज आला.

“घरची?”

“हायती. तू कशाला आलीस? काय ऱ्हायलंय सांगायचं? खालची कवळी?”

“खालची माज्याकडं न्हवती, मास्तर.”

“माजी अब्रू गेली, पेरेपेत्वा.”

“ती माज्या तोंडानं गेली. म्या काय डबीवर ढकलत न्हाई. डबीनं फकस्त पोचवली, बोलले म्या.”

दार थोडं उघडलं. मास्तर बनियनवर होते. दात तोंडात होते आणि कधी नव्हे ते दाबून धरलेले. “चाळीस वरसं म्या पोरांना शिकवलं, दारूच्या वाटंला जाऊ नगा.”

“पोरं गेली का थांबायची?”

मास्तरांनी दार आणखी उघडलं. मग म्हणाले, “न्हाई.”

“मंग त्येंना तितं तुमची सोबत झाली. आता ऐका. पोरीकडचा बोलका कावूमा. त्येच्या बायकुची भन आपल्या बाजारात टमाटी इकती. काल सांजच्यालाच त्येला कळलं असंल. तुमी गेलासा तरी त्यो हसणार, न्हाई गेलासा तरी हसणार. गेलासा तर त्येला तोंडावर उत्तर देता यील. हितं बसून कुणाला उत्तर देणार, कोंबड्यांना?”

मास्तरांनी कोंबड्यांकडं बघितलं. एक कोंबडी उंबऱ्यावर चढून त्यांच्याकडंच बघत होती.

“दात निसटत्यात,” ते हळू आवाजात म्हणाले. “माठात पडल्यापासनं सैल झाल्यात. भीती ती हाय. बोलता बोलता सुटलं तर फुडचं फाफू फाफू. तुज्या त्या मधमाश्यांच्या घुरघुरीत कुणाला काय कळणार? लोक हसत्याल ते टोमण्याला न्हाई, मला.”

“घुरघुर न्हाई आता.”

“डबी परत करतीयास म्हणं.”

अक्का गुडघ्यावरून उठली आणि माती झटकली. “करायची का न्हाई ते तुमीच ठरवा. उद्या तुमचं बोलणं शेवटच्या बाकापतूर पोचलं तर डबी ठेवते. न्हाई पोचलं तर डबीबी जाऊ दे, कर्णंबी उतरवते. म्या डुकरं पाळते, तुमी कोंबड्या.”

मास्तरांनी माझ्या हातातला कांझू घेतला आणि बाहीची किनार नखानं तपासली. “टाका मोठा पडलाय,” म्हणाले. तेव्हा मला कळलं, येणार.

कातेरेग्गा दुपारी उत्तर मागायला आला. अक्का म्हणाली, “उद्या क्वांजुल्याला ये. तितं सांगते.”

“म्या येणारच हाय,” तो म्हणाला. “बोकड कापलाय असं कळलंय.”

शनिवारी पोरीच्या अंगणात समोरासमोर दोन मांडव. आम्ही डोक्यावर टोपल्या, साखर, साबण, केळीचे घड, कोंबड्या घेऊन बाहेर उभे, आत यायची परवानगी मागत. अक्कानं कोपऱ्यात सतरंजी टाकून लॅपटॉप मांडला, डबी मांडवाच्या स्पीकरला जोडली, दोन बोलक्यांचे दोन माइक तारेनं पुढं दिले. आज तिनं चष्मा घातला होता आणि पडद्यावरच्या खुणेवरून नजर काढत नव्हती. एका पोरीनं तिला शेंगदाण्याच्या कालवणाचं ताट आणलं, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. अक्कानं ताट परत पाठवलेलं मी एवढंच एकदा बघितलं.

कावूमा म्हणजे मांडवाच्या खांबाएवढा माणूस. आवाजात लोणी. आधी त्यानं आम्हाला उशिरा आल्याचा दंड केला, मग धूळ आणल्याचा; आत घेऊन टोपल्या मांडून घेतल्या, तेव्हा बोकड लहान म्हणाला, साखर ओली. मास्तरांनी सगळे टोमणे झेलले, पण ओठ आवळून, शब्द मोजून. अक्कानं लॅपटॉपवर आवाज थोडा चढवला.

मग कावूमानं पायातली चप्पल सारखी केली, आणि मला कळलं की आता येतोय.

“पाहुणं, एक शंका हाय. आमच्या घरात रीत हाय, पाहुण्यानं यावं ते पुरं यावं. हातपाय, डोळं, कान, समदं सोबत आणावं. आमी असं ऐकलंय, की क्याबोगोची मानसं आपली काही मालमत्ता दुसऱ्याच्या माठात ठेवून हिंडत्यात. आमची पोरगी अशा घरात दिली, तर उद्या तिला नवऱ्याचं कुटलं कुटलं सामान कुटं कुटं शोधावं लागंल?”

पोरीचा मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरी मान खाली घालून बसली होती, तिचेही खांदे हलत होते. आमच्या बाजूचा खाटीक डोळे मिटून बसला.

मास्तर उठले. आधी तोंड उघडलं, मग हात वर नेला, आणि सगळ्यांसमोर वरची कवळी काढली. नवरीच्या बापापुढं भेटीच्या टोपल्या मांडल्या होत्या, त्यातल्या साखरेच्या टोपलीवर ती नीट ठेवली, जशी पाद्री वेदीवर वस्तू ठेवतो. मास्तरांनी माइक ओठांशी नेला.

दात नसलेला आवाज कसा असतो ते सांगायला नको. शब्दांचे काठ झडलेले, नुसता गर राहिलेला. जुन्या घुरघुरीत त्याची पेज झाली असती. पण डबीनं प्रत्येक अक्षर धुऊन, वेगळं करून पुढं ठेवलं. मागं केळीच्या झाडांखाली पातेली घासणाऱ्या बायकांचे हातसुद्धा थांबले.

“भाऊ कावूमा,” मास्तर म्हणाले, “बोकड आणला, तुमी म्हणलासा लहान. साखर आणली, म्हणलासा वली. आमी इचार केला, ह्या घराची पोरगी लई मोलाची, हितं कायबी राखून चालायचं न्हाई. म्हणून हे दातबी टोपलीत ठेवलं. आता माज्याकडं द्यायला काय ऱ्हायलं न्हाई. पोरगी द्या, न्हाईतर केळ्याचं मटोके जरा पातळ करून वाढा.”

नवरीचा बापच पहिला हसला, तो जाडजूड माणूस खुर्चीतून घसरला, त्याला दोघांनी धरलं. बायकांनी जिभा हलवून जो गलका केला तो म्वुले झाडापर्यंत गेला असेल. कावूमानं मास्तरांना मिठी मारली आणि माइकवर म्हणाला, “ह्या माणसाला दंड करायला आमच्याकडं कायदा न्हाई.”

“दंड नको,” मास्तर म्हणाले. “दात तेवढं परत करा. जेवायचं हाय.”

पोरगी मिळाली. कातेरेग्गा दोन्ही हातांनी जेवत होता, तेव्हा अक्का त्याच्यासमोर जाऊन बसली.

“डबी ठेवून घेतली.”

“आन् डुकरीण, मावशी?”

“डुकरीण काय पळून जाती? पुढल्या हंगामात आणते. पैकं आज निम्मं, निम्मं नंतर. तोंड वाकडं करू नको, मटण खाली पडंल.”

मास्तर शेवटच्या पंगतीला बसले होते. अक्कानं त्यांच्यापुढं जाऊन गुडघे टेकले. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मास्तरांनी आपल्या ताटातला काळजाचा तुकडा उचलून तिच्या ताटात घातला.

सोमवारी सकाळी अक्कानं मला पांढऱ्या चिंध्यांतून माइकला टोपी शिवायला सांगितली, लहान मुलाच्या कुंचीसारखी, खाली नाडी असलेली. टोपी घातलेली असली की माइक बंद. नाडी सोडल्याशिवाय बोलायचंच नाही. सेकांडीनं बघून विचारलं, “बाळाचं नाव काय ठेवलं?” अक्का म्हणाली, “सेकांडी. हेबी गप्प बसत न्हाई.”

दारात रांग लागली होती. आधी दोघं, मग पाच. शुक्रवारी निरोप गिळून गेलेली ती बाईही आली, गुडघे टेकले, रात्र कशी गेली ते विचारलं, घरची विचारली, आणि मग अक्काच्या कानाला लागली. बराच वेळ कुजबुज चालली होती. अक्का ऐकत होती, मान हलवत होती, म्म म्हणत होती. एकदा तिचे गाल किंचित फुगले, पण तिनं ते दाबले. पडद्याच्या अलीकडं मला एक अक्षर आलं नाही.

“झालं?” अक्कानं विचारलं.

“झालं.”

“ह्यातलं कर्ण्यावर काय घालू?”

बाईनं विचार केला. “फकस्त कोंबड्याचं.”

अक्कानं टोपीची नाडी सोडली, घसा खाकरला आणि कोंबड्याचा रंग सांगायला सुरुवात केली.